साडेपाच गड्ड्या

पिशवीत वर भाकरीचं फडकं होतं आणि खाली पैसे. माणिकगड पहाडावरून आलेल्या काकांनी आमच्या ओसरीवर बसून फडकं बाजूला ठेवलं आणि पाचशेच्या गड्ड्या एकेक करून माझ्यासमोर मांडल्या. पाच पूर्ण, एक अर्धी. दोन लाख पंचाहत्तर हजार.

“मोजून घ्या, मास्तर.”

मी हात पुढे केला नाही.

ही गोष्ट २०२४ च्या जानेवारीतली, संक्रांतीनंतरची. कोरपना तालुक्यात तेव्हा घराघरात कापूस पडलेला असतो, आणि कोणाच्या हातात पैसा आला आहे हे गावाला आपोआप कळतं. बाबा गेल्यावर त्यांचा ट्रॅक्टर मी माझ्या नावावर करून घेतला होता. पण मी शाळेत शिकवणारा माणूस. शेत ठेक्याने दिलेलं, ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा, आणि त्याच्या सीटखाली मांजरीने पिल्लं घातलेली. शेवटी दलालाने जिवतीकडचं गिऱ्हाईक आणलं, ते हे काका. सौदा दोन लाख पंच्याऐंशीला तुटला. दहा हजार इसार मी रोख घेतला. उरलेले पैसे बँकेतून लागतील, हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही, ही चूक माझी.

इसारानंतर चार दिवसांनी माझं विवरणपत्र भरणाऱ्या कर सल्लागाराशी बोलताना सहज ट्रॅक्टरचा विषय निघाला. तो म्हणाला, “सर, दोन लाखांच्या आतच रोख घ्या हं.” मग त्याने कायदा समजावला. तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम २६९ एसटी, १ एप्रिल २०१७ पासून लागू. आदल्या नोव्हेंबरात जुन्या पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या होत्या. त्यानंतरच्या अर्थसंकल्पात आधी तीन लाखांची मर्यादा सुचवली गेली आणि संमत होताना ती दोन लाखांवर आली. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, किंवा एकाच प्रसंगानिमित्त दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही. वस्तू नवी असो की जुनी, विकणारा दुकानदार असो की माझ्यासारखा जन्मात एकदा ट्रॅक्टर विकणारा, सगळ्यांना माप एकच. आणि दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. जेवढी रोख घेतली तेवढाच दंड. सबळ कारण दाखवलं तर सुटका होऊ शकते, पण ते कारण पटवत बसायचं कोणी? ट्रॅक्टरही गेला आणि पैसेही गेले, असा तो हिशेब होता.

म्हणून ओसरीवर माझा हात आखडला.

दलालाकडे दोन तोडगे तयार होते. “दोन दिसात करून टाका, सर. आज दीड घ्या, परवा सव्वा.” पण ट्रॅक्टर एकच, सौदा एकच, दिवस कितीही पाडले तरी बेरीज तीच भरते. मग त्याने आवाज खाली आणला. “नाईतर कागदावर एक नव्वद लिवा, बाकीचे वरच्यावर.” खरं सांगतो, हा दुसरा तोडगा मला क्षणभर बरा वाटला होता.

आईला यातलं काहीच पटत नव्हतं. “तुह्या बापानं याच ओसरीवर किती बैलजोड्या इकल्या, कोनाले कागद मांगतला नाही,” ती म्हणाली. काका मात्र तिच्यापेक्षा जास्त दुखावले होते. त्यांनी एक गड्डी उचलली, उजेडात धरली आणि विचारलं, “नोटा खोट्या हायत का, मास्तर?”

हा प्रश्न मला लागला. बँकेतून का नाही आणले, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्यात रोखीचा सगळा उगमच होता. त्यांचे वडील मराठवाड्यातून येऊन पहाडावर राहिले. दोन पिढ्या जमीन कसली, पण पट्टा नाही. वनजमिनीच्या वादात अडकलेल्या पहाडावरच्या कित्येकांसारखी त्यांची गत. पट्टा नाही म्हणून सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, ट्रॅक्टरलाही कर्ज नाही. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ७,०२० रुपये क्विंटल होता, पण सरकारी खरेदीला सातबाऱ्यावरचा कापसाचा पेरा दाखवावा लागतो. तो नाही म्हणून कापूस खेडा खरेदीत, म्हणजे दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला, कमी भावात. सरकारी खरेदीचे पैसे खात्यात येतात. व्यापारी नोटा मोजतो.

आणि व्यापाऱ्याने नोटा मोजण्यात बेकायदा काही नाही. शेतकऱ्याला मालाचे पैसे रोख दिले आणि रक्कम दोन लाखांच्या आत असली तर हरकत नाही, असा खुलासा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ३ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात केलेला आहे. म्हणजे काकांकडे आलेली रोख कायद्याला धरूनच आली होती. दोन वर्षांचा कापूस आणि विकलेली बैलजोडी अशी ती थोडी थोडी साठली. माझ्या ओसरीवर एकत्र आली तेव्हा मात्र ती अडली.

“चला, बँकेत जाऊ,” मी म्हणालो. रोजगार हमीच्या मजुरीसाठी उघडलेलं एक खातं त्यांच्याकडे होतं. पासबुक दुसऱ्या दिवशी घेऊन या, म्हटलं. पैसे? ते माझ्याकडेच ठेवून जातो म्हणाले. मी नको म्हटलं, तेव्हा त्यांचा चेहरा पाहवेना. रात्री ते आमच्याच घरी जेवले, पिशवी उशाखाली घेऊन ओसरीवर झोपले. पासबुक सकाळच्या पहिल्या गाडीने त्यांचा मुलगा घेऊन आला.

बँकेत दिवस गेला. पन्नास हजारांवर रोख भरायची तर तेव्हा पॅन लागायचं; ते नव्हतं, म्हणून फॉर्म ६० मी भरला आणि त्यांनी सही केली. पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव यात एका अक्षराचा फरक निघाला; त्यात दुपार झाली. नोटा मोजणाऱ्या यंत्राने त्यांच्या गड्ड्या एका मिनिटात फरफरून टाकल्या. दोन वर्षांचा पैसा तसा उडताना काका डोळे न मिटता बघत होते. एक नोट बाहेर आली, टेपने चिकटवलेली. ती मीच बदलून दिली.

मग आरटीजीएसचा फॉर्म. तिथे एक गंमत लक्षात आली: आरटीजीएसने कमीत कमी दोन लाखच पाठवता येतात. रोखीचं दार जिथे बंद होतं, नेमकं तिथेच हे दार उघडतं.

बाकावर बसल्या बसल्या मला आमच्या विहिरीवरची केबल आठवत होती. त्या दिवाळीत मोटारपंपाची तांब्याची केबल कोणी कापून नेली. दोन दिवसांनी नाल्याच्या काठी जळालेल्या रबराचा काळा डाग सापडला. वरचं आवरण जाळायचं आणि आतलं तांबं भंगारात घालायचं. तांबं विकणाऱ्याने किलोमागे रोख घेतली असेल, नाव विचारलं नसेल कोणी. ती रक्कम काही हजारांची. तिला दोन लाखांची मर्यादा कुठून आडवी येणार?

पुढे वाचताना कळलं की, हा धागा इतरांनी पकडलेला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर २०१२ पासून भंगार धातूची खरेदी रोखीने करायला बंदी आली, कारण तांब्याच्या चोऱ्या. रक्कम किती, हा प्रश्नच नाही. किलोभर असलं तरी रोख नाही. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याने २०११ मध्ये जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांवर अशीच बंदी घातली. तिथे वस्तू पाहून रेघ ओढली. आपल्याकडे रक्कम पाहून. काळ्या पैशासाठी आपली रेघ बरोबरच असेल. पण तिच्या एका बाजूला काकांची साडेपाच गड्ड्यांची पिशवी अडकते आणि दुसऱ्या बाजूने माझी केबल सुखाने निघून जाते. रोखीला नाव नसतं, म्हणून तर ती रोखायची. पण काकांच्या रोखीला नाव होतं, गाव होतं, भाकरीचं फडकंही होतं.

चारच्या सुमारास माझा फोन वाजला. दोन लाख पंचाहत्तर हजार जमा. मी काकांना दाखवला. त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. “म्हंजे आता पैसे तुमच्याकडं हायत?” हो म्हटलं. “मंग कागद द्या.”

मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर मी सह्या केल्या, पण त्यांना तो कागद नको होता. वहीचं पान फाडून मी हाताने पावती लिहिली: ट्रॅक्टरपोटी एकूण इतके मिळाले, पैकी दहा हजार इसाराचे रोख, बाकी बँकेतून. खाली सही. त्यांनी मुलाकडून दोनदा वाचून घेतली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

घरी येऊन आईने बोनेटला हळदकुंकू वाहिलं, मांजरीची पिल्लं टोपल्यात काढली. ट्रॅक्टर पहिल्याच फिरकीत सुरू झाला. बाबांच्या हाताखाली तो कधी असा झाला नव्हता. मी मोटरसायकलने गडचांदूर रस्त्यावरच्या पंपापर्यंत सोबत गेलो. डिझेल हजाराचं. काकांनी त्याच आतल्या खिशातून, पावतीच्या मागून, घडी घातलेल्या दोन पाचशेच्या नोटा काढल्या. प्रवासाला लागतील म्हणून वेगळ्या ठेवलेल्या.

पंपावरच्या पोराने त्या न बघताच खिशात कोंबल्या.