तांबड्या खडकांचें रंगपीठ

अमेरिकेंत डेन्व्हर शहराच्या पश्चिमेस, मॉरिसन गांवाजवळ, ‘रेड रॉक्स’ नांवाचें उघडें प्रेक्षागार आहे. उंची सुमारें साडेसहा हजार फूट. दोहों बाजूंस प्रचंड तांबडे खडक. मधल्या उतारावर सुमारें ९,५०० मंडळी बसतील अशा रांगा. बर्नहॅम हॉइट या वास्तुशिल्पज्ञानें आराखडा केला, मंदीच्या काळांत सरकारनें कामास लाविलेल्या तरुणांनीं तें बांधलें, व १९४१ सालीं तें खुलें झालें. १९६४ सालीं ‘बीटल्स’ मंडळी येथें गाऊन गेली.

येत्या शनिवारीं तेथें एका ‘इंडी रॉक’ वाद्यवृंदाचें (म्हणजे बड्या कंपन्यांच्या तंत्रानें न चालणाऱ्या मंडळींचें) गायन आहे. नातवानें आमचेंहि तिकीट काढलें. आम्हीं साफ नाहीं म्हटलें. त्यावर दोन दिवस तो आमच्याशीं बोलला नाहीं. अखेर, “आजोबा, जागा तरी पाहा,” म्हणून काल सकाळीं घेऊन गेला.

विरळ हवेनें धाप लागून आम्ही निम्म्या पायऱ्यांवरच बसलों. तो खालीं रंगपीठाशीं उभा राहिला आणि लहानपणीं आम्हीं शिकविलेली, पुढें त्यानें टाकून दिलेली रामरक्षा म्हणूं लागला. अक्षर न् अक्षर वर येत होतें. दोन ठिकाणीं तो चुकला. आम्हीं वरूनच दुरुस्त केलें, तेंहि त्याला ऐकूं गेलें!

कानांत घालावयास कापूस काढून ठेविला आहे.