जात्यावरची ओवी कोणाच्या नावावर?

मागच्या भीमजयंतीच्या आधीची गोष्ट. नशिराबादला आमच्या वस्तीत मंडळाची बैठक बसली होती. विषय एकच, डीजे कोणता आणायचा. पोरांनी जळगाव आणि भुसावळ दोन्हीकडचे भाव काढून आणले होते. मी मधेच म्हणालो, "मिरवणुकीआधी तासभर वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांच्या हातात माइक देऊ. त्यांना बाबासाहेबांच्या ओव्या येतात."

एक पोरगा हसला. म्हणाला, "भाऊ, ते जुनं कोण ऐकेल? अन् आपण परंपरा सोडली ना? बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना?"

त्याच्या हसण्याचा मला राग आला नाही. पण त्याचा प्रश्न घरापर्यंत माझ्यासोबत आला. कारण तो प्रश्न खोटा नाही. "परंपरा" हा शब्द ऐकला की आपल्या पिढीचे कान उभे राहतात, आणि ते राहिलेच पाहिजेत. या शब्दाच्या नावाखाली आपल्याला पाणवठ्यापासून दूर ठेवलं गेलं. मग आजीची ओवी ही कोणती परंपरा? ती सोडायची की ठेवायची?

उत्तर देण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे.

माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. लग्न होऊन या गावात आली तेव्हा पहाटे उठून दादर दळायची आणि आईकडून आलेल्या ओव्या म्हणायची. त्या ओव्यांत राम होता, विठ्ठल होता, सासुरवास होता, साडी-चोळी घेऊन माहेरी न्यायला येणारा भाऊ होता. १९५६ नंतर घरातले देव गेले. आजीने ओवी नाही सोडली. चाल तीच राहिली, त्यातला देव गेला आणि भाऊ बदलला. आता न्यायला येणारा भाऊ बाबासाहेब होता आणि त्याच्या हातात साडीऐवजी पाटी-पुस्तक होतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. कुठल्या शिबिराला ती गेली नव्हती.

एम.ए.ला समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी मी तिच्या ओव्या रेकॉर्ड करायचं ठरवलं. समोर मोबाइल धरला तर ती गप्प. म्हणाली, "जातंच नाही त ओवी कशी म्हनू रे पोरा?" गावात चक्की आल्यापासून जातं दाराशी पडून होतं, पोरं त्यावर बसायची. मी आणि आईने ते धुऊन मांडलं, खुंटा ठोकला, मूठभर दादर टाकली. मग ती चाळीस मिनिटं थांबली नाही.

त्यातल्या अकरा ओव्या मी प्रबंधात घेतल्या. घेताना दोन गुन्हे केले. पहिला, तिची बोली "सुधारली". आमच्याकडे "ळ"चा "य" होतो, डोळ्याला डोया म्हणतात. मी सगळे "डोळे" करून टाकले, मार्गदर्शकांना अशुद्ध वाटू नये म्हणून. दुसरा गुन्हा मोठा. ओव्यांखाली मी लिहिलं, "निवेदिका क्र. ७, वय अंदाजे ८०". संशोधनाच्या नियमाला धरून होतं ते, गोपनीयता म्हणून. पण प्रबंधाच्या मुखपृष्ठावर माझं नाव ठळक अक्षरात होतं.

पुढे मोबाइल बिघडला, रेकॉर्डिंग गेलं. मग आजीही गेली. उरल्या अकरा ओव्या, माझ्या शुद्ध मराठीत, क्रमांक सातच्या नावावर.

आता जरा लांबची गोष्ट सांगतो. जुलै २०२३ मध्ये आयर्लंडची गायिका शिनेड ओ'कॉनर वारली. १९९० मध्ये तिचं एक पॉप गाणं जगभर गाजलं होतं. १९९२ मध्ये तिने अमेरिकेच्या टीव्हीवर, थेट प्रक्षेपणात, पोपचा फोटो फाडला. कारण होतं चर्चमधलं लहान मुलांचं शोषण आणि त्यावर टाकलेला पडदा. तेव्हा लोकांनी तिला वेड्यात काढलं. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कार्यक्रमात ती मंचावर आली तर हुर्यो उडवली. पुढे आयर्लंडमध्येच चौकश्या झाल्या, अहवाल आले आणि तिचं म्हणणं खरं होतं हे जगाला कळलं.

याच बाईने २००२ मध्ये एक अल्बम काढला, "शॉन-नोस नुआ". आयरिश भाषेत याचा अर्थ साधारण "जुनी रीत, नव्याने". सगळी पारंपरिक आयरिश गाणी. त्यात एक गाणं दुष्काळातून जीव वाचवून अमेरिकेला गेलेल्या माणसाचं आहे. बोटीतून उतरला तर त्याला तिथल्या यादवी युद्धात लढायला पाठवलं. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक सडत गेलं, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. इंग्रजी सत्तेखाली त्यांची भाषा मागास ठरली. गाणी मात्र तोंडातोंडी टिकली.

तिच्या जाण्याच्या बातम्यांमुळे मी तो अल्बम ऐकला. भाषा अर्धीही कळली नाही. पण एक गोष्ट लख्ख कळली. चर्चशी उघड भांडण मांडलेल्या बाईला आपल्या लोकांच्या गाण्यांशी भांडावं लागलं नाही. धर्मसत्ता वेगळी आणि लोकांचा गळा वेगळा, हे तिला माहीत होतं. बैठकीतल्या त्या पोराला माझं पहिलं उत्तर हेच आहे. प्रतिज्ञा आपण देवांविरुद्ध आणि विषमतेविरुद्ध घेतल्या. आजीच्या चालीविरुद्ध नाही. आजीने तर हा फरक आपल्या आधी ओळखला होता.

आता आपल्या जिल्ह्यात या. लोकांची गाणी नामवंत गायिकेने गायल्याचं उदाहरण आपल्याकडेही आहे. बहिणाबाई चौधरींची गाणी उत्तरा केळकर यांनी गायली, संगीत यशवंत देवांचं. चित्रपटांत गाणाऱ्या गायिकेच्या आवाजात आसोद्याची ओवी मुंबई-पुण्याच्या घराघरांत गेली. त्याआधी १९६१ च्या "मानिनी" चित्रपटातही बहिणाबाईंची गाणी होती.

बहिणाबाई १८८० मध्ये आसोद्याला जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, आयुष्यभर शेतातली आणि घरातली कामं. अक्षरओळख नव्हती. मला बहिणाबाईंशी वाद घालायचा नाही. राबणाऱ्या बाईचं शहाणपण त्यांच्या शब्दात आहे आणि ते माझ्याही घरचं आहे. पण समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला एक साखळी दिसते. बहिणाबाईंचा मुलगा सोपानदेव हा शिकलेला, स्वतः कवी. त्याने आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी गाणी टिपून ठेवली होती. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. मग ती वही आचार्य अत्र्यांपर्यंत पोचली आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. मग चित्रपट, मग संगीतकार, मग गायिका, मग शाळेचं पाठ्यपुस्तक. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे आणि ते योग्यच आहे.

या साखळीतली पहिली कडी कोणती? घरात लेखणी असलेला मुलगा. त्या काळात आसोदा-नशिराबादच्या महारवाड्यात ही कडी किती घरांत होती? प्रतिभा जातीप्रमाणे वाटलेली नव्हती, लेखणी वाटलेली होती. आमच्या आज्या गायल्या नाहीत असं नाही. त्यांची वही कोणी केली नाही.

आणि माझ्याकडे तर लेखणी आली होती. बाबासाहेबांमुळे आली होती. तरी मी काय केलं? निवेदिका क्रमांक सात.

कोणी म्हणेल, नावाने काय फरक पडतो, लोकगीत तर सगळ्यांचं असतं. साथींनो, "सगळ्यांचं" या शब्दात जपून राहा. रेकॉर्ड कंपनीच्या लेबलवर "पारंपरिक" असं छापलं की त्या गाण्याला कवी उरत नाही, मानधनाचा हक्कदार उरत नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा पक्का झाला. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो. पण हे सगळं नाव असलेल्या माणसासाठी. बिननावाच्या बाईसाठी कायद्यातही रकाना नाही. वामनदादा कर्डकांची गाणी आपण कितीदा दुसऱ्याच गायकाची म्हणून गातो, ते आठवा. हजारो गाणी लिहिणाऱ्या माणसाची ही गत, मग जात्यावरच्या बाईचं काय?

नाव टिपता येतं, हे महाराष्ट्रात सिद्धही झालं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसोबत हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि गाणाऱ्या बाईचं नाव व गाव सोबत नोंदवलं. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बाया आहेत, बाबासाहेबांवरच्या ओव्या म्हणणाऱ्या. त्यांची नावं आज जगाला वाचता येतात. म्हणजे शिस्तीत काम केलं तर संशोधनही होतं आणि नावही राहतं. माझी सबब तिथेच संपली.

आणखी एक शंका काही कार्यकर्ते काढतील. जात्याचे गोडवे गाणं म्हणजे बाईच्या कष्टाचे गोडवे गाणं नाही का? असेल, जर आपण जातं परत आणा म्हणत असू तर. मी म्हणत नाही. चक्की आली हे उत्तम झालं. आजीच्या तळहातावरचे घट्टे मी पाहिले आहेत. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीतून संस्कृती उभी राहते, हे बाबासाहेबांनी गांधींच्या यंत्रविरोधाला उत्तर देताना सांगितलं आहे. माझं म्हणणं एवढंच की यंत्राने दिलेल्या फुरसतीत त्या बाईचा आवाज ऐकायला आपण बसलो नाही. आपण डीजे लावला.

डीजेशीही माझं वैर नाही. भीमराव कर्डकांच्या जलशाबद्दल बाबासाहेब म्हणाले होते असं सांगतात की माझ्या दहा सभा आणि त्यांचा एक जलसा सारखा. जलसा हा त्या काळचा लोकांना जमवणारा आवाजच होता. प्रल्हाद शिंदेंचा गळा घ्या. त्यांचं विठ्ठलाचं गाणं आषाढीला मंदिराच्या भोंग्यावर वाजतं आणि भीमगीत आपल्या जयंतीला. आनंद शिंदेंचा "पोपट" वरातीत वाजतो आणि त्याच आवाजातलं भीमगीत मिरवणुकीत. म्हणजे लोकप्रिय आवाज आपल्या घरातच आहे, पिढ्यान्‌पिढ्या आहे. मग माझं त्यांच्याकडे मागणं आहे. शिनेडने आपल्या लोकांची गाणी गायली तशी एखादी तबकडी आपल्या आज्यांच्या ओव्यांची काढा. वाद्यं हवी ती वापरा, ठेका हवा तो धरा. फक्त दोन गोष्टी करा. बोली सुधारू नका. आणि प्रत्येक ओवीखाली "पारंपरिक" न लिहिता बाईचं नाव आणि गाव लिहा, मानधनात तिचा वाटा ठेवा.

मोठ्या गायकांची वाट पाहत बसायचं नाही. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आज रेकॉर्डिंगचं यंत्र आहे. बाईला आधी विचारा, नाव लावायचं का, कुठे ऐकवायचं. हो म्हणाली तर सुरुवातीला तिच्याच तोंडून नाव, माहेर, सासर आणि ओवी कोणाकडून शिकली ते वदवून घ्या. तारीख बोला. ऐकू येतं तसंच लिहा. रेकॉर्डिंगच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक तिच्या घरी द्या. हे शेवटचं मी फार महाग शिकलो आहे.

घाई आहे. १९५६ ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्या बाया आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्याही आधी, मे १९२९ मध्ये, जळगावच्या परिषदेत धर्मांतराची भाषा झाली होती. तेव्हा वस्तीतल्या बायांनी जात्यावर काय गायलं, हे आज कोणाला सांगता येणार नाही. ती पिढी गेली. १९५६ चीही तशीच जाईल.

बैठकीचं काय झालं? तास मिळाला नाही, वीस मिनिटं मिळाली. तीन बाया उठून बोलल्या, चौथी माइकपर्यंत येऊन लाजून परत गेली. मागे जनरेटरचा आवाज होता. रेकॉर्डिंग खास नाही, पण आहे. तिघींच्या नावासकट आहे, तीन ठिकाणी आहे.

आजीचं नाव मी या लेखात टाकलेलं नाही. नुसतं नाव टाकलं की माझं मन हलकं होईल, एवढंच. त्या अकरा ओव्या तिच्या बोलीत परत बसवायचं काम सुरू आहे. तिच्या बरोबरीने दळणाऱ्या दोन बाया अजून आहेत, त्यांच्यापुढे वाचून चुका काढून घेतो आहे. परवा त्यातली एक म्हणाली, "हे असं नव्हतं म्हनत ती," आणि अख्खी ओवी बदलून दिली. काम पुरं झालं की ओव्या आणि नाव एकत्रच येईल. क्रमांक सात तिथे नसेल.

तुमच्या घरी कोण आहे? आज रात्री विचारा.

जय भीम. नमो बुद्धाय.