सायंदैनिक

सायंदैनिक हे मुळी लोकल गाडीचे अपत्य. कचेरी सुटली की बोरीबंदरावर विकत घ्यावे आणि घर येईतो वाचून संपवावे, एवढेच त्याचे आयुष्य. तरी मुंबईचे इंग्रजी ‘आफ्टरनून’ आमच्या नांदुऱ्याच्या घरी येत असे. धाकटे काका मुंबईस नोकरीला. सणावारी रात्रीच्या गाडीने निघत व पहाटे अंकासह उतरत. पाचशे किलोमीटरांत बातमी शिळी होई. पण आजोबांस हवे असे ते संपादक बेहराम कॉन्ट्रॅक्टर यांचे ‘बिझीबी’ या टोपणनावाचे सदर. १९८५ साली हे पत्र निघण्यापूर्वीच ते सदर इतर सायंपत्रांतून गाजले होते. काकांनी मर्जीविरुद्ध लग्न केल्यापासून पितापुत्रांत अबोला होता. आजोबांची दृष्टी मंदावल्यावर काका सदर वाचून दाखवू लागले, आणि आजोबा हसले की अबोला तेवढ्यापुरता सुटे. (आजीने मात्र इंग्रजीचे ऋण कधी मानले नाही, ती श्रेय पुरणपोळीस देई.) कॉन्ट्रॅक्टर २००१ मध्ये वारले. २०१९ मध्ये पत्रही बंद पडले. दूरचित्रवाणीने त्याची बातमी नेली, मोबाइलने गाडीतला रिकामा तास. तोवर आजोबा नव्हते. काका सुनेला व नातवंडांना घेऊन दर दिवाळीस नांदुऱ्यास येत होते.