रिकामी खोली

२०२३ सालच्या जानेवारींत मी लीड्सला मुलीकडे होतों. तिच्या घरांतील ऊब एका पांढऱ्या, वाटोळ्या डोळ्याच्या स्वाधीन होती. भिंतीच्या कोपऱ्यांतून तो पाहत असे. खोलींत एखादा उष्ण देह हालला कीं त्याला तें कळे, बॉयलर पेटे, आणि खिडकीखालच्या रेडिएटरांत ऊन पाणी खेळूं लागे. अर्धा तास हालचाल दिसली नाहीं कीं सारें बंद! तिकडे गॅस महाग. मुलीचा हिशेब मला पटला होता.

परंतु या डोळ्याला माणूस दिसत नाहीं, त्याची हालचाल तेवढी दिसते. वाचनांत बुडालेल्या माझें पान उलटणारें बोट त्याच्या खिजगणतींतहि नसे. पाय गारठले कीं मी हात हालवून आपल्या अस्तित्वाची ग्वाही देई. प्रथम गंमत वाटली. पुढें राग येऊं लागला. (सारा जन्म बसून वाचण्यांत घालविलेल्या माणसाला ही कवाईत!)

एके दुपारीं बाहेर बर्फ पडत असतां मुलीचा कचेरींतून फोन आला. "बाबा, कुठें आहांत तुम्ही? घरांत कोणी नाहीं असें दाखवतें आहे." तिचा आवाज कापत होता.

"इथेंच आहें. खुर्चींत."

क्षणभर ती कांहींच बोलली नाहीं. संध्याकाळीं तिनें माझ्या खोलीपुरता तो डोळा काढला, व रेडिएटरवर हातानें फिरवावयाची एक साधी चावी बसविली.