वाटीखालचा फासा

“तुना डाव शे, टाक ना!” आई मोबाइलच्या पडद्याकडे बघत हाक मारते. मोबाइल तांब्याला टेकवून उभा केलाय. पलीकडे जर्मनीत ताई स्वयंपाकघरात बसली आहे, मांडीवर लेक. तिच्याकडे संध्याकाळचे साडेपाच, आमच्याकडे नामपूरला रात्रीचे नऊ. उन्हाळ कांदा चाळीत जाऊन पडलाय, त्यामुळे रात्री मोकळ्या आहेत. ओसरीवर डाळिंबाचं क्रेट पालथं घालून त्यावर चौकटीच्या वहीचे चार कागद चिकटवलेत. चिंचोके म्हणजे राक्षसांची फौज, सागरगोटा त्यांचा सरदार आणि एक मोठी पिवळी कवडी म्हणजे ड्रॅगन. आमची माणसं मात्र सोंगट्यांची आहेत, नानांच्या जुन्या सारीपाटातल्या. ताईची लाल, दादाची काळी, माझी हिरवी आणि आईची पिवळी.

“ताई, तुझ्या फोनवर फासा आहे ना? तिकडेच टाक की.”

“नको. तूच टाक. मला आवाज ऐकायचाय.”

मग मी तिच्या वतीने टाकतो. वीस बाजूंचा फासा क्रेटवर गडगडत जातो. या फाशाची एक गंमत आहे. समोरासमोरच्या कोणत्याही दोन बाजू घ्या, बेरीज एकवीसच. वरती वीस आला तर खाली एक दडलेला असतो. वार करायचा तर फाशावरच्या आकड्यात आपलं बळ मिळवायचं, शत्रूच्या चिलखताचा आकडा गाठला की वार लागला. मग दुसरा फासा टाकायचा, जखम किती खोल ते ठरवायला. चिंचोक्याला सात जीव आहेत, सागरगोट्याला चाळीस. हा सगळा हिशेब दादाचा बारा वर्षांचा मुलगा ठेवतो. इंग्रजीत त्या माणसाला डन्जन मास्टर म्हणतात, आम्ही सूत्रधार म्हणतो. आपल्या नाटकांनी हा शब्द कधीचाच घडवून ठेवलाय.

खेळाचं मूळ नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये तो छापला. पण टेबलावर लढाई मांडण्याची रीत त्याहून जुनी. 1824 मध्ये राइसविट्झ नावाच्या एका प्रशियन अधिकाऱ्याने सेनापतींना नकाशावरचं युद्ध खेळून दाखवलं, तेव्हाही मध्ये एक पंच बसलेला असे; कुणाला काय दिसतंय ते तोच सांगे. आणि त्याच्याही कितीतरी आधी आपल्याकडे चतुरंग होताच: हत्ती, घोडे, रथ, पायदळ.

मला मात्र यातली एकच गोष्ट सतत खुणावत राहते: दुसऱ्याच्या वतीने फासा टाकणं. महाभारतातला सर्वांत वाईट डाव असाच टाकला गेला. पैज दुर्योधनाची, फासे शकुनीच्या हातात. सभापर्वात धर्मराजाने तिथेच हरकत घेतली होती की एकासाठी दुसऱ्याने खेळणं बरोबर नाही. हरकत घेतली आणि तरीही बसला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला द्रौपदीच्या प्रसंगाइतकीच त्या उसन्या हाताची भीती वाटायची. ज्याचं काहीच जाणार नाही त्याच्या मुठीत दुसऱ्याचं नशीब.

आमच्या घरात हा उसना हात रोजचा होता. नाना सारीपाटाला बसत. लाल, हिरवी, पिवळी, काळी अशा सोळा सोंगट्या आणि एकेका पट्टीवर चोवीस याप्रमाणे शहाण्णव घरं. पट कापडी होता, कडेची शिवण उसवलेली. डाव ऐन रंगात आला की शेतातली लाइट यायची. थ्री-फेज रात्रीचीच मिळायची, तीही पाळीने. नाना पटावरून उठून बॅटरी घेत आणि मोटार चालू करायला मोसम नदीच्या काठाला जात. त्यांच्या वाटणीच्या कवड्या आई टाकायची. पण ती त्या मोजायची नाही. कवड्या जशा पडल्या तशा त्यांच्यावर पितळेची वाटी पालथी घालायची. नाना येईपर्यंत त्या वाटीला कुणी हात लावायचा नाही. आम्ही भावंडं त्या वाटीभोवती बसून राहायचो. खाली किती उताण्या असतील, किती पालथ्या? चिखलाचे पाय पायरीवर धुऊन नाना येत, बसत आणि मगच वाटी उचलत. पंचवीस पडलेली असो की दोन, आई म्हणायची, “तुमचंच आहे.”

ताई जर्मनीला गेली, नाना गेले, पट पेटीत गेला. 2020 च्या उन्हाळ्यात सगळी दारं बंद झाली तेव्हा पुतण्याने कुठूनसे या खेळाचे नियम मिळवले आणि सोंगट्या पुन्हा बाहेर आल्या. आईने आधी नाक मुरडलं. भुतंखेतं, राक्षस, हे काय खेळणं! मग तिला कळलं की या खेळात वैदूही होता येतं, पडलेल्या माणसाला उठवता येतं. त्या दिवसापासून पिवळी सोंगटी वैदूबाई आहे. तिने आजवर एकही चिंचोका मारलेला नाही. कुणाचे जीव किती उरलेत ते सूत्रधाराच्या आधी तिला पाठ असतं.

या वर्षीचा किल्ला पुतण्याने साल्हेर घेतलाय. नामपूरच्या पश्चिमेचा, 1567 मीटर उंचीचा, आपल्या मोसमच्या उगमाकडचा साल्हेर. गेल्या वर्षी त्याला घेऊन वर गेलो होतो, तेव्हा त्याने परशुरामाच्या पादुकांपेक्षा खालच्या मैदानाकडेच जास्त वेळ पाहिलं. 1672 मध्ये तिथे मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. त्याच लढाईत सूर्यराव काकडे जंबुरकाचा गोळा लागून पडले. सभासदाने बखरीत ते लिहून ठेवलंय. पोराला ते सहन झालं नव्हतं. म्हणून त्याच्या साल्हेरवर राक्षसांचा वेढा आहे आणि काकडे अजून जिवंत आहेत, पांढऱ्या गारगोटीच्या रूपात.

तर आज तोच प्रसंग आला. कवडीने काकड्यांवर आग ओकली. मध्ये दादाची काळी सोंगटी होती, तीच आता ढाल धरू शकत होती. आणि दादाचा मोबाइल वाजला. शेजारच्या शिवारातून निरोप आला, लाइट आली.

“तुम्ही टाका माझा,” म्हणत दादा बॅटरी घेऊन उठला.

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मी फासा उचलला. हातात तो नेहमीपेक्षा जड लागला, खरंच लागला. ताईच्या लेकीने तिकडून मोडक्या मराठीत विचारलं, “मामा, चौदा पाहिजे ना?” चौदाच पाहिजे होते. मी टाकला. फासा क्रेटच्या कडेशी जाऊन थांबायच्या आतच आईचा हात पुढे आला आणि पितळेची वाटी त्याच्यावर पालथी पडली. ती वाटी तिने कधी आणून ठेवली होती, कुणालाच कळलं नव्हतं.

कुणी काही बोललं नाही. तेवढ्यात ताईचं चित्र थिजलं. तोंड अर्धवट उघडं, लेकीचं बोट पडद्याकडे रोखलेलं. पुतण्या दोन्ही हात पाठीमागे बांधून वाटीकडे बघत बसला होता, अगदी आम्ही बसायचो तसा. लांबून मोटारीची घरघर सुरू झाली. थोड्या वेळाने ताईचं चित्र हललं आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला, “उचलली नाही ना अजून?”

“नाही गं,” आई म्हणाली. “येऊ दे त्याला.”

पायरीवर पाण्याचा आवाज आला. दादा पाय धूत होता.