दगडाच्या जागी भूत

चिनी लिपीत ‘मो’ असा उच्चार असलेले एक अक्षर आहे. वर छप्पर, छपराखाली वाख देणाऱ्या झाडाच्या काड्या आणि त्यांच्याखाली भूत. त्या झाडाला चिनीत ‘मा’ म्हणतात, म्हणून वरचा भाग फक्त उच्चार सुचवतो. अर्थ सांगायचे काम भुताकडे. तीन हजार वर्षांपूर्वी हाडांवर कोरलेल्या लेखांत या भुताचे अंग माणसाचेच आहे. डोके तेवढे भलतेच मोठे.

हे अक्षर भाषांतराच्या गरजेतून आले. बौद्ध ग्रंथ चिनीत नेणाऱ्यांना बुद्धाची वाट अडवणारा ‘मार’ भेटला. त्यांनी नावाचा उच्चारच ठेवला आणि त्यासाठी हाताशी असलेले एक अक्षर घेतले. त्यात वरचा भाग हाच, पण खाली दगड होता. अर्थ दळणे, घासणे. पुढे ल्यांग घराण्यातला बौद्ध सम्राट वू (राज्यकाळ ५०२ ते ५४९) याच्या वेळी, मार माणसांना छळतो म्हणून दगड काढून भूत बसवले, असे परंपरा सांगते.

त्यानंतर भुताचा संसार वाढत गेला. ‘मोशू’ म्हणजे जादूचे प्रयोग, ‘मोफांग’ म्हणजे रुबिकचा ठोकळा, ‘बिंगमो’ म्हणजे जिवावर उठलेला आजार. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाच्या चिनी नावात ‘मोफाशी’ आहे, जादूचा दगड. काढून टाकलेला दगड असा शेजारी येऊन बसला!

या सगळ्यात मूळचे मरण मात्र चिनी कानाला ऐकू येत नाही. ‘मार’ हा ‘मृ’ धातूतला शब्द. मराठी कानाला त्यात मरण ऐकू येते, आणि मार खाणेही.

मी भाषांतर करत असलेल्या एका चिनी कथेत मुलगी वडिलांच्या आजाराला ‘बिंगमो’ म्हणते. मराठीत ‘आजाररूपी राक्षस’ तयारच असतो. पण राक्षस दारात उभा राहून डरकाळी फोडतो, आणि त्याच्याशी लढावे लागते. सुत्तनिपातातल्या पधानसुत्तात मार येतो तो कळवळ्याने बोलत. तू वाळलास, मरण जवळ आले, जगलास तर पुण्य तरी करशील, अशा अर्थाचे तो सांगतो. लांबलेल्या दुखण्यात माणसाला आतून ऐकू येतो तो असाच मायेचा आवाज. कथेतले वडील त्याच आवाजाशी रात्रभर बोलत असतात, आणि शेजारच्या खोलीत मुलगी जागी असते.

म्हणून मी ‘मार’ लिहिले. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ घरात असलेल्या वाचकाला तो ओळखीचा आहे. बाकीच्यांना मरण ऐकू येईल, नाहीतर मारहाण. त्या वडिलांच्या वाट्याला दोन्ही आले आहे. तळटीप द्यावी का, हे अजून ठरत नाही. मूळ कथेत ती नाही. तिथे भूत अक्षरातच बसलेले असते.