दोन अक्षरें

निजामपुऱ्यांत दिवसरात्र मागांचा खडखडाट चाललेला असतो. त्याची संवय झालेल्या माणसाला इतर गांवची शांतता सोसत नाहीं, असें मी नेहमीं म्हणतों. परवां त्या खडखडाटांतच शेजारच्या कारखान्याच्या मालकानें मला हांक मारली. त्याच्याकडे चीनहून नवा माग आला होता. “प्रोफेसरसाहेब, तुम्ही चिनी शिकलां होतां ना? ही पाटी वाचा जरा.” पाटीवर तीन ओळी होत्या. मला दोनच अक्षरें लागलीं : ‘वर्ष’ आणि ‘महिना’. त्यांच्या शेजारचे आंकडे तर कोणालाहि वाचतां आले असते! मालकानें सौजन्यानें चहा मागविला. तो कांहीं माझ्या घशाखालीं उतरेना.

तरुणपणीं मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत टाटा बंधूंच्या संग्रहांतील चिनी मातीचीं भांडीं पाहून मला या विद्येचा नाद लागला होता. पुण्यास राहून दीड वर्ष अक्षरें गिरविलीं. चिनी कलेवर मराठींत एक ग्रंथ लिहावयाचा, असा बेत होता. पुढें कॉलेजांत इंग्रजी शिकविण्याची कायमची जागा मिळाली आणि वही पेटींत गेली. पोटाचा प्रश्न, असें सांगत मीं तीस वर्षें काढलीं.

प्रा. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट होऊन गेले नसते, तर हें उत्तर मला पचलेंहि असतें. (बापट म्हटलें कीं आपल्याकडे सेनापति आठवतात, या बापटांना कोणी ओळखीत नाहीं.) जन्म १८९४ चा, पेशा माझाच, फर्ग्युसन कॉलेजांत पालीची प्राध्यापकी. ते हार्वर्डला गेले, आणि १९३७ सालीं पुण्यास त्यांचा ‘विमुत्तिमग्ग’ व ‘विसुद्धिमग्ग’ यांची तुलना करणारा ग्रंथ निघाला. उपतिस्साच्या ‘विमुत्तिमग्गा’चें पाली मूळ नष्ट झालेलें, सहाव्या शतकाच्या आरंभीं संघपाल भिक्षूनें केलेलें चिनी भाषांतर तेवढें संपूर्ण उरलेलें. एका हाताखालीं बुद्धघोषाचें पाली, दुसऱ्या हाताखालीं तें चिनी, आणि प्रत्येक चिनी शब्दामागें कोणता पाली शब्द उभा होता तें ताडावयाचें, असें हें काम! चिनी भाषांतरकार कधीं अर्थ घेत, कधीं नुसता ध्वनि. ध्वनीसाठीं घेतलेल्या अक्षराचा अर्थ लावूं गेलें कीं वाक्याचा बोजवारा उडालाच. आमच्या जवळच्या सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजींनीं १८८२ सालीं उकरला; तेथें कुदळीला कांहीं लागलें म्हणजे निदान आवाज तरी होतो. येथें तोहि नाहीं.

आणि १९७० सालीं, वयाच्या शहात्तरीस आलेल्या या गृहस्थानें हिराकावा या जपानी पंडिताच्या सहकार्यानें ‘शान-च्येन-पि-पो-शा’ या विनयविषयक चिनी टीकाग्रंथाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. त्यांना काय पोट नव्हतें? उत्तरपत्रिकांचे गठ्ठे त्यांनींहि उपसलेच असतील.

त्या रात्रीं पेटी उघडली. वहीचीं पहिलीं पानें वाळवीनें खाल्लीं होतीं. आणि जी कांहीं अक्षरें मला अजून येत होतीं, तीं नेमकीं त्याच पानांवरचीं. काल पुन्हां कारखान्यांत जाऊन पाटीच्या तिन्ही ओळी कागदावर उतरूं लागलों. मालक म्हणाला, “राहूं द्या साहेब, मशीन चालू झालं.”

मीं उरलेली ओळ उतरून घेतली.